लाल मोटरसायकल, एजी ४४१७ आर

केदुंगसारी, तुलुंगआगुंग
४ मार्च २०१८

म्बाक विजी,

पाकिटावर नीनिंगचं अक्षर बघून तू हे उघडलंस ना? फसलीस. आता उघडलंच आहेस तर वाचून टाक. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, फेसबुकवरून काढलंस, दोन वर्षांनी एकदा गावी येतेस तीही मी कार्यक्रमाला बाहेर गेलोय याची खात्री करून, आपल्या आईच्या, एमाकच्या घराच्या मागच्या दाराने. सख्ख्या धाकट्या भावाशी चौदा वर्षं अबोला धरायला चिकाटी लागते. ती तुझ्यात पहिल्यापासून आहे. पण हाँगकाँगच्या पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसणार.

बातमी अशी की तुझी लाडकी भाची नीनिंग लग्न करतेय. मुलगा त्रेंगालेकचा, नाव गालिह, शाळेत गणित शिकवतो आणि फार कमी बोलतो. आपल्या घरात असा एक तरी माणूस हवाच होता. लग्न लेबारानची ईद झाल्यावर, रविवारी १ जुलैला. दुपारी आपल्या अंगणात 'लिंतांग केदुंग' वाजणार. आपलाच ऑर्केस, तोच वाद्यवृंद जिथे तू अकरा वर्षं गायलीस आणि मी तिसाव्या वर्षीही माइक धरून उभा आहे. तीन कॅमेरे लावून लाइव्ह रेकॉर्डिंग होईल. आता व्हीसीडी कुणी घेत नाही, सगळं यूट्यूबवर जातं.

आता मुद्दा. नीनिंग म्हणते, तिच्या लग्नात 'घाटावरची छत्री' झालंच पाहिजे आणि ते तिच्या बुदेनेच, म्हणजे तिच्या आत्यानेच गायलं पाहिजे. दुसरी कुणी गायली तर ती नवरीच्या खुर्चीवरून उठून जाईल. मी म्हटलं, "अगं, तुझी बुदे माझ्यासमोर उभी राहायची नाही." तर बापालाच म्हणते, "मग पाक, तुम्ही समोर उभे राहू नका." ही पोरगी माझी आहे की तुझी, मला अधूनमधून शंका येते.

ये ना, म्बाक.

त्या दिवसाबद्दल मी अकरा वेळा माफी मागितली आहे, ही बारावी धर. ङुनुतला पाक जुमांगिनांच्या मुलीचं लग्न, भर दुपार, मागे त्यांची गुरामी माशांची तळी, समोर हजार माणसं. तू 'छत्री' गात होतीस. शेवटच्या कडव्याआधी तू थांबलीस. सगळा मांडव श्वास रोखून होता. आणि त्या शांततेत मी माइक तोंडाशी धरून म्हटलं, "लाल मोटरसायकल, एजी ४४१७ आर. मालकांनी कृपया गाडी फाटकातून काढावी." ते तसंच व्हीसीडीवर गेलं. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर गाणं आणि त्यात मी. पण मी तरी काय करणार होतो? नवरीच्या आजीची गाडी फाटकाबाहेर अडकली होती, म्हातारी उन्हात शिजत होती. आणि आपली पद्धत तूही जाणतेस. गाण्यात जागा मिळाली की निवेदकाने बोलायचं, यजमानांचं नाव घ्यायचं, लांबून आलेल्या पाहुण्यांना सलाम करायचा. लोक रेकॉर्डिंग घेतात ते निम्मं स्वतःचं नाव ऐकायला.

एमाकला सांगितलं की तुला पत्र लिहितोय. ती टेम्पे तळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या दोन्ही पोरांना अल्लाहने गळा दिला. कान द्यायचे राहून गेले."

तुझा,
योनो


केदुंगसारी
८ एप्रिल २०१८

म्बाक विजी,

उत्तर आलं नाही. ठीक. मी निवेदक माणूस, समोरून उत्तर नसलं तरी बोलत राहायची सवय आहे.

तुला वाटतं मी तुझं गाणं मारून टाकलं. जरा इकडे येऊन बघ म्हणजे कळेल ते किती जिवंत आहे. मागच्या आठवड्यात ब्लितारला गेलो होतो. तिथल्या ऑर्केसची एक विशीतली गायिका 'छत्री' गायली. शेवटच्या कडव्याआधी थांबली आणि त्यांचा निवेदक उठून गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लाल मोटरसायकल, एजी ४४१७ आर." अख्ख्या मैदानाने त्याच्याबरोबर म्हटलं! मी विचारलं, बाबा रे, हे का बोलतोस? तो म्हणाला, "गाण्यातच आहे ना ते." त्या मुलीला खरंच वाटत होतं की कवीने तसं लिहिलंय. बायकोची वाट बघून कंटाळलेला कुणी माणूस मोटरसायकल घाटावर टाकून गेलाय, असा तिने अर्थही लावला होता. मला सांगताना तिचे डोळे भरून आले.

कराओकेच्या दुकानात पडद्यावर शब्द येतात, त्यातही हे वाक्य आहे, कंसात. आपल्या बाजारातल्या तोफूवाल्याने लाल मोटरसायकल घेतली, तर लोकांनी त्याचं जगणं मुश्कील केलं. जिथे लावेल तिथे पोरं ओरडतात, "मालकांनी कृपया." शेवटी बिचाऱ्याने ती निळी रंगवून घेतली.

मी हे फुशारकीने सांगत नाही. थोडं सांगतो. पण मला कळतं की ते तुझं होतं. केदिरीच्या रेडिओवर तू म्हणालीस, "माझ्या भावाला शांतता म्हणजे रिकामी जागा वाटते." मी ऐकलं होतं. चूक नव्हतीस. पण तू हेही लक्षात घे की बाहेर बर्फाची गाडी अडली होती, बर्फ वितळत होता, पाक जुमांगिन मला हातवारे करून करून घामाघूम झाले होते. यजमानाचं ऐकावं लागतं.

नीनिंगने लग्नाचा केबाया शिवायला टाकलाय. तुझ्यासाठीही त्याच कापडाचा काढून ठेवलाय. माप एमाकने सांगितलं, हातानेच दाखवलं, एवढी. मी म्हटलं, चौदा वर्षांत माणूस रुंद होतो. एमाक म्हणाली, "तू झालास."

तुझा,
योनो


हाँगकाँग
१९ एप्रिल २०१८

मुगियोनो,

लग्नाला येईन. मालकीणबाईंनी तीन आठवड्यांची सुट्टी दिली आहे. गाण्याचं नक्की नाही. गायलेच तर एक अट आहे, तेव्हा माइक तुझ्या हातात नसेल. तू अंगणात पाहुण्यांना कॉफी वाढ.

आणि उठल्यासुटल्या माफी मागणं बंद कर. बारा झाल्या, पुरे.

विजी

ता. क. नवरीच्या आजीची गाडी अडकली होती की बर्फाची, ते एकदा ठरव.


केदुंगसारी
२९ एप्रिल २०१८

म्बाक विजी,

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी अंघोळीहून येत होतो. लुंगीवरच अंगणभर नाचलो. शेजारची म्बाक सुप्रिह दार लावून घेऊन आत गेली. सहा ओळींचं पत्र, त्यात तीन ओळी शिव्या, पण तुझ्या हाताने लिहिलेलं. मी ते उशीखाली ठेवलंय.

अट मान्य! स्वतःच्या मुलीच्या लग्नात माइक सोडायचा म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही. ऑर्केसमध्ये सांगितलं तर ढोलकीवाला म्हणाला, "पाक योनो, त्यापेक्षा तुम्ही पँट न घालता या, लोकांना कमी नवल वाटेल." माझ्या जागी तुकिरान उभा राहील. तो दर वाक्याला स्वतःच हसतो, पण मनाने चांगला आहे. मी कॉफी वाढेन. एक शब्द बोलणार नाही. तू फक्त गा.

आजी आणि बर्फ दोन्ही होते. फाटकाबाहेर गर्दी होती म्हणजे एकच गाडी अडते का?

आणखी एक. आपले साउंडवाले सोबिरिन आता मुलाकडे सुराबायाला राहायला गेले. घर आवरताना त्यांच्या बायकोने जुन्या टेपांची एक पेटी मला पाठवून दिली. ते दर कार्यक्रमात गायिकेच्या माइकची एक वेगळी टेप करून ठेवायचे, आठवतं? त्यात ङुनुतचीही आहे. फक्त तुझा माइक, बाकी काही नाही. मला वाटलं, लग्नाची भेट म्हणून तुला देता येईल. पण ती ओल येऊन खराब झालीय, काही ऐकू येत नाही, म्हणून टाकून दिली. तुला सांगायचं म्हणून सांगितलं.

पेचलचा मसाला पाठवू का? तिकडचा चांगला नसणार.

योनो


केदुंगसारी
२२ मे २०१८

म्बाक विजी,

रमजान सुरू आहे, महिनाभर ऑर्केस बंद. तोंडाला काम नाही आणि पोटात काही नाही. अशात खोटं रेटायला जोर लागतो, तो माझ्यात उरलेला नाही. तेव्हा खरं सांगतो.

ती टेप खराब झालेली नाही. मी ती टाकलीही नाही. कपाटात ढोलक्यांच्या खोळींखाली लपवली होती. नीनिंगने शोधून काढली. लग्नासाठी खोळींतून काय शोधत होती ते तीच जाणे. तिने गालिहच्या मदतीने ती कॉम्प्युटरवर घेतली आणि दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. "पाक, हे ऐका." तो गालिहही मागे उभा. तो तर घड्याळ लावून सेकंद मोजून आला होता.

म्बाक, मी ती टेप चौदा वर्षांत कधी ऐकली नव्हती. ऐकायची गरज नव्हती, मी तिथे होतो. नीनिंग म्हणाली, "बुदे इथे थांबते. मग सव्वीस सेकंद काहीच नाही. मग ती हळूच म्हणते, 'पुढं काय?' पाक, बुदे गाणं विसरली होती?"

मी म्हटलं, नाही गं, असं ती कुणाला तरी विचारत असेल. मग गालिह, जो महिन्यातून एकदा बोलतो, तो म्हणाला, "पाक, मागे बारीक ढोलकी ऐकू येतेय, ती एकाच जागी अकरा वेळा फिरलीय."

इथे माझा निरुपाय झाला. आता तुलाही सांगून टाकतो. मोटरसायकल नव्हती. आजी नव्हती, बर्फ नव्हता. फाटक सताड उघडं होतं, त्यात एक कोंबडी उभी होती.

मी तुझ्या डाव्या हाताकडे बघत होतो. तू माइकची वायर बोटाला गुंडाळायला लागलीस. लहानपणी पाठांतराला उभी राहून ओळ विसरलीस की असंच परकराची नाडी गुंडाळायचीस. ढोलकीवाला माझ्याकडे बघायला लागला, बासरीवाला माझ्याकडे बघायला लागला. कॅमेरे तीन, तिन्ही तुझ्या तोंडावर. आणखी दोन सेकंद गेली असती तर सगळ्यांना कळलं असतं. मला काही सुचेना, यजमानांचं नाव घ्यावं एवढंसुद्धा नाही. जे तोंडात आलं ते बोललो. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, हसले, चिडले, आणि तेवढ्यात तुला ओळ सापडली. तू असं शेवटचं कडवं गायलीस की मी माइक खाली ठेवून रडलो. तेही आहे व्हीसीडीत, कोपऱ्यात, नीट बघितलंस तर.

तू खाली उतरलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझं गाणं नासवलं यानं." मला वाटलं, बरंच झालं, कुणाला संशय नाही आला. मला वाटलं दोन दिवसांत निवळेल.

हे मी तुला कधीच सांगणार नव्हतो. नीनिंगला आणि गालिहला शपथ घातलीय. टेप तुझ्या नावाने वेगळी बांधून ठेवली आहे, येशील तेव्हा घे, पाहिजे तर चुलीत घाल. पण ये. रागावून येणं रद्द करू नकोस. मी कॉफीच वाढेन.

योनो


हाँगकाँग
५ जून २०१८

योनो,

तू गाढव आहेस.

एजी ४४१७ ही बापाकची गाडी. लाल, सीट फाटलेली, टाकीवर मी बसायचे आणि मागे तू बापाकच्या कमरेला मिठी मारून. मी सहावीत असताना त्यांनी ती विकली आणि तू दोन दिवस जेवला नाहीस. तुला काय वाटलं, मला तो नंबर आठवत नसेल? दुसरं काही सुचलं नाही तुला? जगातला कुठलाही नंबर सांगायचास!

मला त्याच क्षणी कळलं. तू नंबर बोललास, मला बापाकची गाडी दिसली, आणि 'नाव लागली काठाला' ही ओळ आपोआप तोंडात आली. मोटरसायकल नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी त्याच फाटकातून आत आले होते. कोंबडीसुद्धा पाहिली होती.

मग तू विचारशील की चिडलीस कशाला. ऐक. खाली उतरले तर दहा माणसं धावत आली, "म्बाक, काय गात होतीस, कोण तो मूर्ख मध्ये बोलला?" आणि मी काही विचार करायच्या आत बोलून गेले, माझा भाऊ. वाटलं, घरी गेल्यावर सांगू याला. घरी गेले तर तू दारातच हात जोडून उभा, "म्बाक, चुकलो." तू माझ्या चुकीची माफी मागत होतास आणि तुझ्या तोंडावर एक रेषा हलत नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी भांडून घेतलं. मग रेडिओवर विचारलं, तिथेही तेच बोलले. खोटं एकदा लोकांना आवडलं की मागे घेता येत नाही. आणि तू दर ईदला नवी माफी घेऊन हजर! तुझ्या एकेका माफीने मला कानाखाली मारल्यासारखं व्हायचं. एकदा तरी म्हणायचंस, "विसरलीस तू, भवाने." मी तुझ्याशी एक दिवस कडकडून भांडले असते आणि संध्याकाळी आपण पेचल खायला गेलो असतो. चौदा वर्षं वाचली असती. तुझ्या चांगुलपणाने माझा जीव घेतला.

बारा माफ्या तुझ्या. ही एक माझी. तेराव्यावर बंद करू.

आता विसरले का, तेही सांगते. एमाकमुळे. एमाक म्हणायची ना, मुलगी मांडवात उभी राहून गाते ते मी डोळ्यांनी बघणार नाही? त्या दिवशी शेवटच्या कडव्याआधी मी समोर बघितलं. तोफूच्या गाडीपाशी एमाक स्टुलावर चढून उभी होती, हातात तोफू, आणि तिचे ओठ हलत होते. योनो, तिला माझं सगळं गाणं पाठ होतं. तिच्या ओठांकडे बघताना माझ्या तोंडचे शब्द गेले.

हे तिला मी कधी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

परवा रविवारी व्हिक्टोरिया पार्कात नेहमीप्रमाणे आम्ही घरकामवाल्या सगळ्या चटई टाकून बसलो होतो. पोनोरोगोच्या मुलींनी 'छत्री' लावली. थांबायची जागा आली आणि चाळीसजणी एकदम ओरडल्या, "लाल मोटरसायकल!" माझ्या बाजूची मुलगी मला म्हणाली, "बू, तुम्ही नाही म्हणत?" तिला माहीत नाही गाणारी मी आहे. मग मीही म्हटलं. तेरा वर्षं तिथे बसतेय, पहिल्यांदाच म्हटलं. मग हसायला लागले ते थांबेचना, त्यांना वाटलं मला ऊन लागलं.

२६ तारखेला पोचते. सुराबायाला घ्यायला तूच ये. अट बदलली आहे. तुकिरानला सांग कॉफी वाढायला. माइक तू धर, आणि डावीकडे उभा राहा, मला दिसशील असा. मी एक्कावन्न वर्षांची आहे. पुन्हा विसरेन.

तुझी,
म्बाक विजी


केदुंगसारी
२९ जुलै २०१८

म्बाक विजी,

आता तू फोन उचलतेस, रोज तीनदा करतेस, तरी मी पत्र लिहितोय. लागलेली सवय. शिवाय काही गोष्टी फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच बोलतेस.

तू परत गेल्यापासून घर फार शांत झालंय. डिसेंबरात करार संपला की तू कायमची येतेयस, हे एमाक रोज एका नव्या माणसाला सांगते. काल तिने ते विजेचं मीटर बघायला आलेल्याला सांगितलं.

लग्नाचं रेकॉर्डिंग परवा यूट्यूबवर गेलं. त्याआधी मी ते सात वेळा पाहिलं. आठव्यांदा तुझ्यासाठी पाहतोय आणि लिहितोय, कारण मी तुझ्या डावीकडे असलो तरी तू लोकांकडे बघत होतीस, तुला आधीचं माझं तोंड दिसलं नसेल.

थांबायची जागा आली. तू विसरली नव्हतीस, मुद्दाम थांबलीस, ते तुझ्या डाव्या हातावरून कळतंय. वायर मोकळी होती. अंगणातली सहाशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. सगळ्यांच्या तोंडात ते वाक्य तयार, फक्त मी सुरू करायचं होतं. मी माइक उचलला. तेवढ्यात माझी नजर नीनिंगवर गेली, ती त्या केबायात, डोक्यात जाईचे गजरे, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हसू आवरत होती. लहानपणी तू हसायचीस तशीच. बस. म्बाक, मी खरंच विसरलो. नंबर गेला डोक्यातून. तीस वर्षांत असं झालं नाही. आकडे आठवेनात, रंग आठवेना, मोटरसायकल हा शब्दसुद्धा आठवेना. रेकॉर्डिंगमध्ये मी तोंड उघडं टाकून उभा आहे, पाक जुमांगिनांच्या तळ्यातल्या गुरामीसारखा. ढोलकी फिरतेय. एकदा, दोनदा, चारदा.

मग तू वळलीस. माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि तुला कळलं. तू माइक तोंडाशी नेलास आणि अगदी हळू, बोलल्यासारखं म्हणालीस, "लाल मोटरसायकल, एजी ४४१७ आर. मालक आमचे वडील आहेत. गाडी आहे तिथेच राहू दे."

कुणीच ओरडलं नाही. आणि तू शेवटचं कडवं सुरू केलंस.

दुसऱ्या कॅमेऱ्यात एमाक आहे. पुढच्याच ओळीत बसलीय, तुझ्याबरोबर एकेक शब्द म्हणतेय, आता लपवायचीही तसदी घेत नाही. तू विचारू नकोस म्हणाली होतीस, पण मी निवेदक माणूस, राहवलं नाही. विचारलं, "एमाक, ङुनुतला तू तिचं गाणं ऐकायला गेली होतीस?" ती म्हणाली, "तोफू आणायला गेले होते." मी म्हटलं, "चौदा किलोमीटरवर?" तर म्हणाली, "तिथला ताजा असतो. तू गप रे, मला बघू दे," आणि माझ्या हातातून फोन घेऊन गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आता खरी गंमत. यूट्यूबवर खाली लोक अभिप्राय लिहितात. दोन दिवसांत चारशे आले. बहुतेक तुझं कौतुक. पण तुलुंगआगुंगच्याच कुणी एकाने लिहिलंय, "आवाज अजून तसाच गोड. पण बाईंनी ऐन वेळी मध्ये बोलून गाण्याची वाट लावली. निवेदक बिचारा नंबर सांगायला उभाच होता." त्याला दोनशे लोकांनी अंगठे दिलेत.

नीनिंग भडकली, म्हणाली, "पाक, मी लिहिते त्याला खरं काय ते." मी तिला लिहू दिलं नाही. तुकिराननेही विचारलं, मी त्यालाही काही बोललो नाही. राहू दे तसंच.

आता चौदा वर्षं तू माफी मागत राहा.

तुझा,
योनो